छतावरचा खड्डा

"पृथ्वी बोलत नाही, ती फक्त दिसते, आणि ज्यानं तिला वरून पाहिलं, त्याला खोटं बोलण्याचा अधिकार उरत नाही." हे वाक्य छायाचित्रकारानं दातांच्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत, माशांच्या टाकीसमोर ताठ उभं राहून उच्चारलं. उजवा जबडा इंजेक्शननं बधिर झालेला असल्यामुळे माशांपर्यंत 'फुफ्फी बोलफ नाही' एवढंच पोचलं, आणि अधिकाराच्या जागी लाळेची एक तार हनुवटीवरून शर्टाच्या खिशाकडे निघाली. टाकीत तीन मासे होते. दोघांनी पाठ फिरवली. तिसरा पाठ फिरवण्याच्या स्थितीत नव्हता. तो सकाळपासूनच पोटावर प्रकाश घेत तरंगत होता आणि ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"कुणाला शिव्या देताय?" बाकावरून बायकोनं विचारलं. ती मासिक चाळत होती. पानं उलटताना ती अशी फटकारे की एखाद्याला वाटावं, मासिकानंच तिचं काहीतरी वाईट केलं आहे.

"भाषण आहे. उद्याचं."

"मग चालू दे. मला वाटलं, माझ्याबद्दल आहे."

इंजेक्शन बसल्याबसल्याच टोचून डॉक्टरनं त्याला बाहेर पाठवलं होतं, कारण आत दुसरं कुणीतरी ओरडत होतं. छायाचित्रकाराला ओरडणाऱ्याचा राग आला, डॉक्टरचा आला, बायको सोबत आली याचा आला आणि ती आली नसती तर घरी परत कसं जायचं, या विचाराचाही आला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणूस निवळतो असं म्हणतात. त्याच्याबाबतीत गाळ तेवढा वर आला होता. तीस वर्षं तो छोट्या विमानांच्या दार काढून टाकलेल्या बाजूला, पट्ट्यांनी स्वतःला बांधून, अर्धा बाहेर लोंबकळत आला होता. सुकलेली तळी, कारखान्याखालून तांबड्या-हिरव्या होऊन निघालेल्या नद्या, न्हाव्यानं चिडून केस कापावेत तशी कापलेली जंगलं. आणि हे सगळं मोठं करून, चौकटीत घालून भिंतीवर लावलं की लोक जवळ येत, चष्मा वर करत आणि म्हणत, "अय्या, किती सुंदर!" या एका वाक्यासाठी त्यानं मनातल्या मनात जेवढी माणसं मारली होती, तेवढी साथीच्या रोगातही मरत नसतील. विषारी पाण्याच्या तळ्याचा एक फोटो एका बाईंनी पडद्याच्या कापडावर छापून मिळेल का म्हणून विचारला होता. त्यानं त्यांना 'त्या पाण्यात आधी हात धुऊन या' असं सुचवलं, आणि ते प्रदर्शन दोन दिवस आधीच गुंडाळलं गेलं.

एकच फोटो असा होता की ज्याला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. त्याचं नाव 'जखम'. खाणीचा भला थोरला खड्डा, वरून सरळ खाली पाहिलेला. कडेकडेनं गोल उतरत गेलेला रस्ता, त्यावर एक काळा ठिपका म्हणजे ट्रक, आणि काठावर मूठभर घरं, आता पडतील की मग पडतील अशी. या फोटोसमोर लोक गप्प होत. एका समीक्षकानं लिहिलं होतं की हा खड्डा पाहणाऱ्याच्या पोटात उघडतो. या फोटोनं त्याला नाव दिलं, मान दिला, आणि 'खड्डा बुजवा समिती'चं अध्यक्षपद दिलं. उद्या शहरातल्या नव्या सभागृहाची अख्खी भिंत या फोटोनं मढवून तिचं अनावरण होणार होतं. त्याच समारंभात, खास त्याच्या सन्मानार्थ, खाण चालवणारी कंपनी भरावाचं काम दुप्पट केल्याचं जाहीर करणार होती. उद्या संध्याकाळपासून ट्रक दुप्पट. एवढ्या मोठ्या माणसाची दाढ नेमकी आदल्या दिवशी ठणकावी, यात त्याला कुणाचातरी हात दिसत होता.

"या," डॉक्टर दारातून म्हणाला. आधीचा पेशंट गाल धरून, कुणाकडेही न पाहता निघून गेला. डॉक्टर चाळिशीतला, गोरागोमटा, दुसऱ्याच्या दुःखावर पोसलेला असा टवटवीत होता. "दात घासता, की नुसते दाखवता?"

खुर्ची मागं झुकली. पाय खिडकीकडे, डोकं दाराकडे. डॉक्टरनं दिवा ओढला, आणि त्या उजेडात छायाचित्रकारानं वर पाहिलं तर छतावर, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत, त्याचा स्वतःचाच फोटो चिकटवलेला. आणि त्यात खड्डा नव्हता. डोंगर होता. चांगला गुबगुबीत, ऐसपैस डोंगर, त्याला वळसे घेत वर चढत गेलेला रस्ता, माथ्यावर ऊन. जखम नव्हती, गळू होतं.

तो उठून बसला. डॉक्टरनं दोन बोटांनी त्याला परत आडवं केलं.

"हा फोटो माझा आहे." म्हणजे म्हणाला, 'हा फोफो माफा आहे.'

"ठाऊक आहे. तुमच्याच प्रदर्शनात विकत घेतलाय. पावती दाखवू?"

"उलटा लावलाय!"

"कुणाकडून उलटा? माझ्या टेबलावरून बघा, अगदी सुलटा आहे. तुमची सही वाचता येते." डॉक्टरचं टेबल खिडकीखाली, खुर्चीकडे तोंड करून होतं.

"पेशंटला उलटा दिसतो."

"पेशंटनं सही वाचायची नसते, आ करायचं असतं." त्यानं हातमोजे चढवले. "आधी तुमच्या म्हणण्याप्रमाणेच लावला होता, साहेब. माणूस आडवा झाला की डोक्यावर हा एवढा खड्डा. एका बाईंना चक्कर आली. म्हणाल्या, मी वर पडतेय. आता वर कोण पडतं, तुम्हीच सांगा. मग मी फिरवून लावून घेतला. तेव्हापासून सगळे खूश. परवा एक जण विचारत होते, माथ्यावर हॉटेल आहे का, जेवणाचं बरं आहे का म्हणून."

"तो खड्डा आहे!"

"असेल. आ करा."

आ केल्यावर माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. तोंडात आरसा, नळी, कापसाचे बोळे आणि दुसऱ्या माणसाची चार बोटं. बोलणं बंद, गिळणं बंद, मान हलवणं बंद. डोळे तेवढे आपले. ते मिटले तर यंत्राचा आवाज कवटीत शिरून घर करतो, म्हणून उघडे ठेवायचे, आणि उघडे ठेवले की डोंगर. त्याला ही चूक नवी नव्हती. धंद्यातलं पहिलं शिक्षणच ते. वाटीचा फोटो वरून काढा, उजेड एका बाजूनं येऊ द्या, आणि तो फोटो फिरवून धरा. उताणी वाटी पालथी दिसायला लागते. डोळा धरून चालतो की उजेड नेहमी वरूनच येतो, आणि त्यापुढे तो कुणाचं ऐकत नाही. नवशिके हमखास फसतात; नदीचं पात्र त्यांना धरणाच्या भिंतीसारखं फुगीर दिसतं. त्यानं कितीतरी पोरांना यावरून जाहीरपणे झापलं होतं. एकाला तर त्यानं सगळ्यांदेखत फोटो हातात देऊन डोक्यावर उभं राहायला सांगितलं होतं, आणि तो उभा राहिला होता. आता डोक्यावर उभं राहण्याची पाळी डॉक्टरची होती. पण डॉक्टरच्या हातात यंत्र होतं.

"वरून बारीक छिद्र दिसतं," डॉक्टर त्याच्या दाढेत बघत खुशीत म्हणाला, "आत सगळं पोखरलेलं."

यंत्राचा आवाज चढला, आणि त्या आवाजात त्याला विमानाचा आवाज ऐकू आला. तसाच, दातांतून येणारा. त्या दिवशीचं विमान म्हणजे पिकांवर औषध मारायचं जुनाट धूड होतं. आत अजून त्या औषधाचा वास होता. वैमानिक त्याहून जुना. कानावरचं श्रवणयंत्र बिघडलेलं, त्यामुळे सगळा संवाद खाणाखुणांनी आणि शिव्यांनी. छायाचित्रकाराबद्दल एक गोष्ट समीक्षकांना माहीत नव्हती. त्याला विमान लागायचं. तीस वर्षांत एकही उड्डाण असं नव्हतं की ज्यात त्यानं पिशवी वापरली नाही. पृथ्वीवरचा अत्याचार पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, असं एका वार्ताहरानं लिहिलं होतं. ते निम्मं खरं होतं. चेहरा पडायचा.

"एकच वळसा," वैमानिक मागं वळून ओरडला होता. "दुसरा वळसा पाहिजे असेल तर दुसरा वैमानिक बघ!"

मग त्यानं स्वतःहूनच चार-पाच वळसे मारले, कारण खाली कुठेतरी त्याच्या जुन्या शत्रूचं शेत होतं आणि त्याला त्यावरून अगदी कमी उंचीनं जायचं होतं. छायाचित्रकाराचा एक डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, दुसरा घट्ट मिटलेला, गुडघ्यांत पिशवी. खाली काहीतरी गोल येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. एवढ्या उंचीवरून सगळंच सपाट. चादर अंथरल्यासारखं, त्यावर कुणी चहा सांडल्यासारखं. उंच काय, खोल काय, ते खाली चालणाऱ्यांना कळतं; त्यांच्या पोटऱ्यांना कळतं. तो बटण दाबत होता, ओकत होता, बटण दाबत होता. खाणीचा खड्डा तर होताच तिथं. त्याला तेच सांगण्यात आलं होतं, त्यासाठीच तो गेला होता. पण खड्डा म्हटलं की त्यातून निघालेली माती कुठेतरी जातेच. ती शेजारीच जाते. एवढा मोठा खड्डा, तर तेवढाच मोठा ढीग. हा विचार त्याच्या मनात आज, तोंडात चार बोटं असताना, पहिल्यांदा आला. आला आणि त्यानं त्याला हाकलून दिलं. विचार गेला नाही. दाराशीच बसून राहिला.

"दुखतंय?"

"अंह."

"दुखलं तर डावा हात वर करा. उगाच करू नका, मला राग येतो."

फोटो धुण्याची, छापण्याची कामं तेव्हा बायको करायची. घरातली न्हाणी हीच काळोखी खोली, खिडकीला काळं कापड, बादल्यांत औषधं, आणि आंघोळ करायची असेल तर शेजाऱ्यांकडे जा. त्या आठवड्यात दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, हे दोघांनाही आता सांगता आलं नसतं. भांडणाचं कारण विरून गेलं होतं, भांडण मात्र जपून ठेवलेलं होतं. त्यानं लाल दिव्यात पाऊल टाकलं तेव्हा ओला कागद चिमट्यांनी दोरीला टांगलेला होता. कुठली कड वर, कुठली खाली, याचा तिनं विचार केला नव्हता; कागद निथळावा एवढाच तिचा हेतू. त्यानं पाहिलं, आणि त्याच्या पायाखालची फरशी सरकली. खड्डा. आत ओढणारा, तळ नसलेला. पोटात तीच ढवळ, तोच विमानातला घास वर आला. जी गोष्ट पोटात ढवळते ती खरी, असा त्याचा कलेबद्दलचा सिद्धांत होता. त्या हिशेबानं त्याचं विमानही कलाकृतीच ठरत होतं.

"हाच!" अबोला विसरून तो ओरडला होता. "हा खड्डा!"

"मला तर ढेकूळ दिसतंय," ती म्हणाली होती, मान तिरपी करून.

"तुला काय कळतंय? तू कधी वर गेली आहेस?"

"नाही बाई. मला खालीच इतकं काम असतं."

आणि ती निघून गेली होती. मग पंधरा वर्षं खड्डा. व्याख्यानांतून खड्डा, मुलाखतींतून खड्डा. 'मी एकाच जागेचा फोटो पुन्हा काढत नाही,' हे त्याचं गाजलेलं ब्रीद. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवणं हे त्याला केसांच्या तेलाच्या जाहिरातीचं काम वाटे. 'मी जागेवर जात नाही, जमिनीवरून फक्त जमीन दिसते,' हे दुसरं ब्रीद. त्यावर टाळ्या हमखास. समितीतले बाकीचेही कधी जागेवर गेले नाहीत, कारण अध्यक्षांनी पाहिलेलं होतं. समिती शहरात बसे, मधोमध फोटो ठेवलेला असे, चहा येई, आणि सगळे खड्ड्याकडे पाहून उसासे टाकत. कंपनीचा माणूसही येई. अतिशय नम्र, कधीही वाद न घालणारा. पहिल्याच बैठकीत त्यानं तो फोटो हातात घेतला, फिरवून पाहिला, पुन्हा फिरवून ठेवला आणि म्हणाला होता, "आपण म्हणाल तसं. बुजवू." छायाचित्रकाराला तो विजय वाटला होता. एवढी मोठी कंपनी एका फोटोपुढे वाकली! दरवर्षी कंपनी कळवे की दाखवलेल्या जागी भराव समाधानकारक चालू आहे, आणि दरवर्षी समिती म्हणे, आणखी टाका.

दाखवलेल्या जागी.

यंत्र थांबलं. डॉक्टर सुई बदलायला वळला, दिव्याचा दांडा त्याच्या कोपरानं ढकलला गेला, आणि उजेड छताच्या एका कोपऱ्यावर पडला. दहा-बारा फुटांच्या त्या फोटोत प्रत्येक ठिपका आता बोराएवढा झाला होता. रस्त्यावरचा तो काळा ठिपका, तो ट्रक, व्याख्यानांतून तो काठीनं ज्याच्यावर टकटक करून म्हणायचा, 'यावरून अंदाज घ्या', तो ट्रक नव्हताच. त्याच्या शेजारी पांढरा ठिपका होता. तो धुरळा समजून त्यानं सोडून दिला होता. पांढरा ठिपका ट्रक होता. त्याला पुढची केबिन होती, मागचा हौदा होता. काळा ठिपका त्या ट्रकची सावली होती, आणि ती खिडकीच्या बाजूला पडली होती.

त्यानं डोळे मिटले, उघडले. सावली तिथंच. जगात दुसरं काहीही उताणं-पालथं होऊ दे, ट्रक जमिनीच्या वरच असतो. त्याची सावली खिडकीकडे, म्हणजे ऊन दाराकडून. ऊन दाराकडून, आणि या महाकाय गोलाची खिडकीकडची बाजू काळी. खड्डा असता तर दाराकडची बाजू काळी पडली असती. उन्हाकडे पाठ करून उभी राहिलेली भिंत अंधारात असते, हे त्यानंच पोरांना शिकवलं होतं, डोक्यावर उभं करून शिकवलं होतं. हा खड्डा नव्हता. दाढा किडलेल्या लोकांना, आ वासून पडल्यापडल्या, जे रोज दिसत होतं तेच ते होतं. ढीग. पंधरा वर्षं समितीनं उसासे टाकत ढिगावर माती ओतवली होती, आणि खरा खड्डा शेजारी कुठेतरी आरामात खोल होत गेला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्यानं तेही पचवलं असतं. उघडं पडण्याच्या भीतीनं घाम फुटावा, तो फुटलाही. समीक्षक, पोरं, भिंत, सगळे एकदम हसताना दिसले, आणि त्या सगळ्यांचे दात उत्तम होते. पण दिव्याचा उजेड तसाच होता आणि नजर आपोआप ढिगाच्या काळ्या बाजूनं खाली घसरली. खाली घरं होती. काठावरची घरं. ती काठावर कशी असतील? ढिगाला काठ नसतो, पायथा असतो. घरं सावलीत बुडालेली होती. सकाळची वेळ, बाकी सगळीकडे ऊन, आणि ही मूठभर छपरं ढिगाच्या सावलीत. त्यानं इतकी वर्षं त्या लोकांची कीव केली होती की बिचारे आत पडतील. ते पडणार नव्हते. त्यांच्यावर पडणार होतं. दोन छपरांमध्ये एक रेघ होती आणि रेघेवर फिकट-गडद कण. तेही त्याला कधी दिसले नव्हते. दोरीवर कपडे वाळत घातले होते. ऊन नसलेल्या जागी कुणीतरी कपडे वाळत घातले होते, कारण जागा तेवढीच होती.

हे पंधरा वर्षांपूर्वीचं. आता ढीग केवढा असेल? पायथा कुठवर आला असेल? आणि उद्या संध्याकाळपासून, त्याच्या सन्मानार्थ, दुप्पट.

त्याचा डावा हात वर गेला.

"काय झालं? दुखतंय?"

"ही... घरं..." तो म्हणाला. नळी, बोटं आणि बोळे यांच्यातून जे बाहेर पडलं ते फोडलेल्या नळासारखं होतं. "ढीग... फरांवर... उफ्या..."

"हो, हो, कळलं."

"फांबवा! फ्रक फांबवा!"

"थांबवायचं कसं, दाढ अर्धी कोरून झालीय." डॉक्टरनं त्याचा हात धरून खाली ठेवला, अगदी प्रेमानं, आणि दुसरी सुई टोचली. "आता ओरडायचं असेल तरी ओरडता येणार नाही."

डॉक्टरनं त्या दाढेचं पोट साफ केलं, सिमेंट भरलं, दाबलं, घासलं आणि 'चावून बघा' म्हणाला. छायाचित्रकार चावला. डॉक्टरचं बोट मध्ये नव्हतं, याचं त्याला वाईट वाटलं. खुर्ची सरळ झाली, डोंगर डोक्यामागं गेला. उठून तो खिडकीखालच्या टेबलापाशी जाऊन खुर्चीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं मान मागं टाकून वर बघितलं. तिथून पुन्हा खड्डा होता. सही वाचता येत होती. आपल्या डोळ्यांना आता सगळं ठाऊक आहे, तरी ते खड्डाच दाखवतात, हे पाहून त्याला डोळ्यांचाही राग आला. नोकरांवर चिडावं तसा. किती सोपं होतं. या बाजूला उभं राहायचं आणि तिकडे जायचंच नाही. वय झालंय, उद्या अनावरण होईल, शाल मिळेल, ढिगाला कुणी विचारणार नाही. मग त्यानं दोरीवरचे कपडे डोळ्यांनी शोधले. ते दोन्ही बाजूंनी कपडेच होते.

बाहेर बायकोनं पर्स उघडून पैसे दिले आणि त्याच्याकडे पाहिलं. "रडलात की काय? लहान मुलंसुद्धा रडत नाहीत आजकाल. त्यांना फुगा देतात."

त्यानं सांगितलं. बाकावर बसून, हातवारे करत, अर्ध्या जिभेनं. वाटी दाखवायला तिचाच तळहात घेतला, उताणा केला, पालथा केला. ती हात सोडवून न घेता ऐकत राहिली. इतका वेळ तिचा हात त्याच्या हातात असण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांत आला नव्हता आणि दोघांनाही ते जरा अडचणीचं होत होतं.

"तू म्हणाली होतीस," तो शेवटी म्हणाला. "न्हाणीत. ढेकूळ म्हणाली होतीस."

"म्हणाले असेन."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"नंतर तुम्ही खड्डा खड्डा इतकं म्हणालात," ती म्हणाली, "की मला खड्डाच दिसायला लागला." आणि मग, मासिक खाली ठेवून, "ती माणसं आहेत का अजून तिथं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? अध्यक्ष ना तुम्ही?"

यापेक्षा तिनं मासिक फेकून मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं बसल्याबसल्याच कंपनीच्या नम्र माणसाला फोन लावला. माणसानं अत्यंत नम्रपणे सांगितलं की तो उद्याच्या तयारीत आहे, परवा बोलू, आणि घरांबद्दल विचारल्यावर, "कुठली घरं, सर? फोटोतली? तो फोटो फार जुना झाला हो," असं म्हणून त्यानं तितक्याच नम्रपणे फोन ठेवला. मग त्यानं सभागृहाच्या संचालिकाबाईंना फोन लावला. बायको जवळ सरकून बसली, कान फोनच्या बाजूला करून.

"सर! आवाज असा का येतोय? घेतलीय की काय थोडी?"

"दाढ काढ... दाढ भरली. ऐका. भिंतीवरचा फोटो उलटा करा."

"उलटा?"

"खालची बाजू वर. तो खड्डा नाही, ढीग आहे. मी चुकलो. पंधरा वर्षं चुकलो."

पलीकडे हातोडीचे ठोके ऐकू येत होते. "सर, फोटो चिकटवून झाला," बाई म्हणाल्या. "चाळीस तुकडे आहेत. उलटं करायचं तर आधी भिंत उलटी करावी लागेल. आणि खरं सांगू? खड्डा काय, ढीग काय, भाव तोच ना. विनाश."

"भाव नाही! खाली घरं आहेत. माती त्यांच्या डोक्यावर टाकतायत, मी टाकायला लावतोय. उद्याची घोषणा थांबवा."

"घोषणा कंपनीची आहे. भिंत आमची. माती आमच्या खात्यात येत नाही, सर."

बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. इतक्या जोरात की तो बाकावरून उठलाच. टाकीसमोर उभा राहिला. आता त्याच्यापुढे पृथ्वी नव्हती, साक्ष नव्हती, अधिकार नव्हता. तोंडात औषधाची कडू चव होती आणि एक साधंसं वाक्य होतं, जे अर्ध्या जिभेनंही म्हणता येण्यासारखं होतं.

"मग मी बोलणार," तो म्हणाला, शब्द एकेक सुटा करत. "उद्या, सगळ्यांसमोर, कंपनीच्या आधी. म्हणणार, हा ढीग आहे. माझा फोटो उलटा आहे, माझी समिती उलटी आहे. खाली माणसं राहतात. आज रात्रीपासून एक ट्रक जाता कामा नये, आणि मी इथून उठून सरळ तिकडे जातोय, पायी चालत बघायला, ज्याला यायचंय त्यानं या. पकडून उतरवायचं असेल तर उतरवा."

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कौतुक नव्हतं. पण गेल्या कित्येक वर्षांत ते कौतुकाच्या इतकं जवळही आलं नव्हतं. पलीकडचे हातोडीचे ठोके थांबले. कागद सळसळले. बाई काहीतरी लिहून घेत असाव्यात.

"बोला की, सर," त्या म्हणाल्या. "तुमची दोन मिनिटं आहेत, त्यात काय बोलायचं ते आम्ही कोण सांगणार? फक्त एक करा. व्यासपीठाच्या पाससाठी तुमचा पासपोर्ट साइझचा एक फोटो राहिलाय. पासशिवाय गेटवर कुणालाच सोडत नाहीत. तेवढा सकाळी पाठवाल का? समोरून काढलेला, दोन्ही कान दिसतील असा."